वाजवून घेतलेली बोट

मडके वाजवून घ्यावे, नारळ हलवून घ्यावा, कलिंगड थापटून घ्यावे, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवले जाते. बोट कशी घ्यावी हे मात्र आम्हांला कोणी शिकवले नव्हते आणि त्यावाचून आमचे काही अडलेही नव्हते. या सदरात आम्ही वर्षभर जुने बिऱ्हाड, जुनी मोटार, जुने कपाट यांविषयी चार गोष्टी लिहिल्या. बोटीचा विषय निघेल असे स्वप्नातही वाटले नव्हते. तो काढला आमच्या धाकट्या मेहुण्यांनी.

मेहुणे बँकेतून निवृत्त झाले आणि दाभोळच्या खाडीकाठी असलेल्या वडिलांच्या घरी राहायला गेले. तिकडे हल्ली पाहुणे फार येतात. त्यांना खाडीतून फिरवावे, हवा बरी असली तर मुखापर्यंत नेऊन डॉल्फिन दाखवावेत, असा बेत त्यांनी केला. बोटही पाहून ठेवली. तीस फूट लांब, लाकडी, वरून फायबरचे आवरण चढवलेली, निळ्या-पांढऱ्या रंगाची. पूर्वी ती मासेमारीला जात असे. आता तिच्यावर बाके बसवायची आणि वर छप्पर घालायचे. किंमत ऐकली तेव्हा लक्षात आले की निवृत्तीच्या पैशाचा निम्मा लचका तुटणार.

खरा विरोध झाला तो आमच्या सासूबाईंचा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सासूबाई त्या वेळी आठ वर्षांच्या होत्या, गिरगावात राहत होत्या, आणि चाळीतली एक बिऱ्हाडे त्या दिवशी कशी रडत होती ते त्यांना अजून आठवते. त्यांनी मुलाला इतकेच सांगितले, “तू पोहून येशील रे. लोकांची पोरे बसणार आहेत तिच्यात. घ्यायचीच तर आधी कुणा जाणत्याला दाखव.”

तो जाणता म्हणजे सर्व्हेअर. बोटींचे आरोग्य तपासणे हा या माणसांचा धंदा. धंदा जुना आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉइड याच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे व्यापारी आणि विमा उतरवणारे जमत. कोणते जहाज धड आणि कोणते मोडके हे ठाऊक नसताना विमा उतरवायचा म्हणजे जुगारच. म्हणून १७६० मध्ये त्यांनी एक मंडळी उभी केली आणि जहाजे तपासून त्यांची यादी छापायला सुरुवात केली. जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी उतरती अक्षरे, आणि दोर, नांगर वगैरे साहित्याला निराळी खूण. पुढे त्या खुणेच्या जागी आकडे आले, आणि उत्तम सांगाडा व उत्तम साहित्य असलेले जहाज ‘ए-वन’ ठरले. आज आपल्याकडे ए-वन चिवडा मिळतो, ए-वन फटाके मिळतात. ते मूळचे कोणी तरी सांगाड्यावर हातोडी मारून मिळवलेले प्रशस्तिपत्र आहे.

सर्व्हेअर कोणाचा असावा, इथेच पहिला घोटाळा होतो. बोटीच्या नाखव्याने अगदी सद्‌भावाने म्हटले, “आमच्या ओळखीचा एक आहे, लगेच बघून देईल.” मेहुणे तयारही झाले होते. वास्तविक सर्व्हेअर घेणाऱ्याने नेमायचा आणि पैसेही घेणाऱ्यानेच द्यायचे. विकणाऱ्याच्या ओळखीचा तो नको, आणि पुढे बोटीची दुरुस्ती ज्याच्याकडे जाणार तोही नको. डॉक्टरचेच औषधाचे दुकान असले की रोग लांबतो. नेमण्यापूर्वी त्याने केलेला एखादा जुना अहवाल, नावे झाकून, वाचायला मागावा. काय तपासणार, काय नाही, फी किती, हे कागदावर घ्यावे. आणि विसार देताना नाखव्याशी होणाऱ्या कागदात ‘तपासणी समाधानकारक निघाली तर’ ही अट घालून घ्यावी. मेहुणे बँकेतले असल्यामुळे हे शेवटचे त्यांनी चोख केले. ती एक ओळ पुढे फार उपयोगी पडली.

आमचे सर्व्हेअर मुंबईहून आले. पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी दिवस ठरवला तो चैत्री अमावास्येचा. सासूबाईंनी फोनवर श्वास रोखला. “अवसेला? ‘रामदास’सुद्धा अवसेलाच गेली होती.” मेहुण्यांनी त्यांना समजावले की अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. आपल्या किनाऱ्यावर या दिवशी ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास आणि भरती दुपारी बाराच्या पुढेमागे येते. मध्यरात्रीच्या भरतीला बोट किनाऱ्यावर घेऊन टेकू लावले की पहाटे पाणी आपोआप बाजूला होते. सकाळी तळ पाहायचा, दुपारी तीच बोट पाण्यावर तरंगली की इंजिन पाहायचे. गोदीचा खर्च नाही. सासूबाई गप्प बसल्या, म्हणजे पटले असे नव्हे.

आम्हीही बरोबर गेलो होतो. प्रत्येक घेणाऱ्याने तपासणीच्या वेळी हजर राहावे. पण अंतर राखून राहावे, आणि तोंड मिटून राहावे. सर्व्हेअरने आदल्या आठवड्यात नाखव्याला कळवून ठेवले होते की तळावरचे शेवाळ आणि शिंपल्यांची पुटे खरवडून ठेवा, आतल्या पाटाच्या फळ्या मोकळ्या करा, जाळी-टोपल्या उतरवा, आणि इंजिन आदल्या रात्रीपासून चालू करू नका. अडगळीने भरलेल्या बोटीत सर्व्हेअरला अडगळच दिसते आणि अहवालात तेवढेच लिहिले जाते.

आम्हांला वाटले होते, गृहस्थ आल्याबरोबर हातोडी काढतील. त्यांनी तसे काही केले नाही. ते बोटीपासून पन्नास पावले लांब जाऊन उभे राहिले आणि दहा मिनिटे नुसते पाहत राहिले. नंतर विचारले तेव्हा म्हणाले, “म्हातारी बोट कण्यात वाकते. मधला भाग वर राहतो, दोन्ही टोके खाली येतात. जवळून ते दिसत नाही.” ही थोडीशी वाकली होती. वयाच्या मानाने फार नाही.

मग हातोडी निघाली. लहानशी, आपल्या घरी खिळे ठोकायला असते तेवढीच. नाळेपासून सुरुवात करून ते एक एक वीत वाजवत निघाले. ‘टण्‌, टण्‌, टण्‌’. घट्ट लाकूड वाजते, कुजलेले लाकूड बोलत नाही. जिथे आवाज भद्द आला तिथे खडूची खूण. निव्वळ लाकडी बोट असती तर त्या खुणेवर त्यांनी दाभण टोचून पाहिली असती. चांगल्या लाकडात दाभणीचे टोक मुश्किलीने शिरते आणि नासक्या लाकडात लोण्यासारखे जाते. पण इथे मध्ये फायबरचे आवरण होते. त्यावर त्यांनी ओल मोजण्याचे यंत्र धरले. आम्ही उत्सुकतेने आकडा विचारला. त्यांनी सांगितला नाही. “आवरणावरून घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही. इकडे जास्त, तिकडे कमी, एवढेच तो सांगतो.”

लाकडाविषयी त्या सकाळी जे ऐकले ते आमच्या समजुतीच्या अगदी उलट होते. आम्हांला वाटे, खारे पाणी लाकडाला खाते. खरे पाहता कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर पोसते. मिठाने तिला उलट अटकाव होतो. म्हणून समुद्रावरची बोट पुष्कळदा वरून कुजते. पावसाचे पाणी जिथे फटीतून झिरपते आणि वारा लागत नाही, तिथे कोपऱ्यात, छपराखाली, खिळ्यांच्या भोवती. खाऱ्या पाण्याचा शत्रू निराळा. टेरेडो नावाचा किडा लाकूड पोखरतो. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. बाहेरून टाचणीएवढे भोक, आणि आत बोटाएवढाली भुयारे. शिवाय लोखंडी खिळा गंजला की भोवतालचे लाकूड मऊ पडते, खिळा ढिला होतो, आणि फळी नुसती सवयीने जागेवर राहते. उत्तम साग याच्याशी झगडतो हे खरे. मुंबईच्या वाडिया कारागिरांनी १८१७ साली सागात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. पण तेही मोठी दुरुस्ती झाल्यावर, आणि तिथे त्याची निगा राखणारी संस्था आहे. मेहुण्यांच्या बोटीची निगा मेहुणे राखणार होते.

पुढे ते पाठीमागे पंख्याशी आले. पंखा हाताने वरखाली हलवून पाहिला; दांडा आपल्या जागी किती खिळखिळा झाला आहे ते त्यावरून कळते. पंख्याचे एक पाते किंचित खरवडले. पितळ पिवळे निघाले, म्हणून त्यांनी मान डोलावली. गुलाबी निघाले असते तर त्यातले जस्त समुद्राने खाल्ले आणि नुसते ठिसूळ तांबे उरले, असा अर्थ झाला असता. हे टाळण्यासाठी जवळच जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. त्याने झिजायचे, म्हणजे बाकीचे धातू झिजत नाहीत. निम्मा झिजला की बदलायचा. या बोटीवरचा तुकडा अगदी कोरा होता. मेहुणे खूश झाले. सर्व्हेअर म्हणाले, “याच्यावर रंग दिलाय. रंगवलेला तुकडा काम करत नाही.” एकत्र कुटुंबात असा एक जण असतो, ज्याच्या झिजण्यावर बाकीचे टिकतात, त्यालाही रंगरंगोटी करून बसवले तर घर खचते, असे आमच्या मनात आले. पण तोंड मिटून राहायचे ठरले होते.

तळाला आरपार गेलेल्या नळ्या आणि त्यांच्या तोट्या यांवर त्यांनी अर्धा तास घालवला. आम्हांला तो वेळ फुकट वाटला. तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाची नळी निसटली तर मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी आत येते. दोनशे लिटरचे पिंप दीड-दोन मिनिटांत भरावे. मोठी लाट, खडक, वादळ यांनी बोटी बुडतात हे खरे, पण एका गंजलेल्या पट्टीपायीही बुडतात, आणि कित्येकदा धक्क्याला बांधलेल्या बुडतात. इथल्या दोन तोट्यांपैकी एक फिरेचना.

आणि मग तो प्रसंग आला. खडूच्या बहुतेक खुणा एका पट्ट्यात जमा झाल्या होत्या. कण्याला लागून जी पहिली फळी असते, तिथे, डाव्या अंगाला, सुमारे सहा फूट. सर्व्हेअरनी नाखव्याला विचारले, “इथे तळहाताएवढे आवरण कापून पाहू का? आणि एक खिळा उपसून?” अशी तोडफोड मालकाच्या परवानगीवाचून करता येत नाही. नाखवा नाही म्हणाला. त्याचेही चूक नव्हते. बोट अजून त्याची होती, आणि उद्या सौदा मोडला तर भोक पडलेली बोट त्याच्या गळ्यात राहणार होती. “तीन वर्षांमागं फायबर चढवलंय साहेब. एक थेंब पाणी येत नाही आत.” सर्व्हेअरनी वाद घातला नाही. वहीत काही लिहिले आणि पुढच्या फळीकडे गेले. मेहुण्यांना तो माणूस त्या क्षणी फार मवाळ वाटला.

दुपारी भरती आली, बोट उचलली गेली. सर्व्हेअरनी आधी इंजिनावर तळवा ठेवला. थंडगार. नाखव्याने शब्द पाळला होता. गरम करून ठेवलेले इंजिन कोणीही चालू करतो; गार असताना कसे उठते यात त्याचे वय कळते. तेलाची काठी काढून पाहिली. तेल ताकासारखे पांढरट झाले असते तर आत पाणी शिरलेले. तसे नव्हते. धूर काळा आला तर इंजिनावर ताण किंवा डिझेल नीट जळत नाही, निळसर आला तर तेल जळते, पांढरा रेंगाळला तर पाणी किंवा न जळलेले डिझेल. हा निळसर होता. तासभर खाडीत फिरलो. पूर्ण वेगाने, मग एकदम उलट, मग डावीकडे-उजवीकडे. त्यात मजा आली हे कबूल केले पाहिजे. मेहुणे सुकाणू धरून उभे होते आणि साठ वर्षांचे दिसत नव्हते.

परतताना सर्व्हेअरनी पहिल्यांदाच आपण होऊन प्रश्न विचारला. “छप्पर कशाचे घालणार?” मेहुणे म्हणाले, लोखंडी पाइप आणि पत्रा. “आणि डॉल्फिन एका बाजूला निघाला की माणसे कुठे जातील?” मेहुण्यांनी उत्तर दिले नाही. मासेमारीच्या बोटीचे वजन खाली असते. बाके, छप्पर आणि उभी माणसे यांनी ते वर चढते. बोट कलली तर सावरेल की नाही याचे गणित निराळे आहे. ते नौका आखणारा तज्ज्ञ करतो, सर्व्हेअर करत नाही. प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची तपासणी आणि परवाना लागतो तोही निराळा. सरकारी तपासणी नियम पाहते. तुम्ही नेमलेला सर्व्हेअर तुमचे पैसे कशात जाणार ते पाहतो. एक झाली म्हणून दुसरी नको, असे नाही.

आठ दिवसांनी अहवाल आला. चौदा पाने, छायाचित्रांसह. मेहुण्यांनी पहिल्यांदा शेवटचे पान उघडले, परीक्षेचा निकाल पाहावा तसे. तिथे ‘घ्यावी’ किंवा ‘घेऊ नये’ असे काहीच नव्हते. दोषांच्या तीन यादी होत्या. पाण्यात सोडण्यापूर्वी करावयाचे, पहिल्या हंगामात करावयाचे, जमल्यास करावयाचे. इंजिन बरे, पण तेल जळते. तोटी बदलावी. जस्त बदलावे. सहा फुटांच्या पट्ट्यात आवरण लाकडापासून सुटल्याची चिन्हे.

अहवाल वाचण्याची खरी जागा पहिले पान आहे, हे आम्हांला दोन वेळा वाचल्यावर समजले. त्यावर काय पाहता आले नाही ते लिहिले होते. कण्याची खालची बाजू जमिनीला टेकलेली असल्याने पाहता आली नाही. आवरणाखालचे लाकूड पाहता आले नाही. खिळे काढून पाहण्यास मालकाने अनुमती दिली नाही. प्रवाशांसह स्थैर्य हा या तपासणीचा विषय नाही. त्या मवाळ माणसाने वहीत काय लिहिले होते ते असे कळले. खडूच्या खुणांपेक्षा ती चार वाक्ये जड होती.

मेहुण्यांनी त्यांना फोन केला. “तुमची स्वतःची बोट असती तर?” पलीकडून उत्तर आले, “तो माझा धंदा नाही साहेब. जे पाहिले ते लिहिले. झाकलेले उघडायला मिळाले तर पुन्हा येईन.” मेहुणे चिडले. एवढी फी घेतली आणि निर्णय आपल्यावरच! आम्हीही त्यांच्या बाजूने थोडे चिडून पाहिले, पण जमले नाही. त्या गृहस्थाने ‘घ्या’ म्हटले असते तर मेहुण्यांनी आणखी काही वाचलेच नसते.

शिवाय या चौदा पानांना एक दुसरी धार होती, आणि ती विम्याच्या माणसाने दाखवली. १९६३ च्या सागरी विमा कायद्याप्रमाणे, ठराविक मुदतीचा विमा असताना मालकाने जाणूनबुजून नादुरुस्त बोट समुद्रावर पाठवली, तर त्या दोषामुळे होणारे नुकसान विमा कंपनीने भरायचे नाही. अहवाल हाती येईपर्यंत मेहुणे अजाण होते. आता नव्हते.

कागदातल्या त्या एका ओळीच्या जोरावर त्यांनी विसार परत मागितला आणि नाखव्याने तो कुरकुरत परत केला. इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण वैशाखात कळले की बोटीला दुसरे गिऱ्हाईक आले आहे, तेही प्रवासी नेण्यासाठीच, आणि तो तरुण सर्व्हेअरचे नावही काढत नाही. अहवाल मेहुण्यांच्या पैशाचा, त्यांच्या नावाचा. दुसऱ्या कोणी त्यावर भरवसा ठेवू नये असे त्यात स्पष्ट छापलेले. कायद्याने त्यांनी काहीही करायला नको होते. दोन रात्री त्यांना झोप लागली नाही, असे आमच्या मेहुणीने सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी अहवालाची प्रत काढली, सर्व्हेअरना कळवले, आणि ती प्रत गिऱ्हाइकाला न देता नाखव्याच्या हातात नेऊन दिली. त्याला इंग्रजी येत नव्हते. मेहुण्यांनी पडवीत बसून चौदा पाने त्याला मराठीत वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. नाखवा शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. चहासुद्धा विचारला नाही.

त्या तरुणाशी सौदा झाला नाही. का, ते नाखव्याने कोणाला सांगितले नाही.

गौरी-गणपतीला आम्ही तिकडे गेलो तेव्हा बोट किनाऱ्यावर शेडमध्ये होती आणि डाव्या अंगाचे फायबर सोललेले होते. सहा नव्हे, नऊ फूट. सुतार नवी सागाची फळी वाफेवर वाकवत होते. जुनी बाजूला पडली होती. आम्ही तिच्यात अंगठा रोवून पाहिला. पहिल्या पेरापर्यंत गेला. नाखव्याने मेहुण्यांना पाहिले आणि पोराला चहा आणायला पिटाळले. मग म्हणाला, “आता येऊ द्या तुमच्या त्या ठोकणाऱ्याला. खिळे पाहिजे तेवढे काढू द्या.”

सर्व्हेअरनी पाडव्याची सकाळ दिली आहे. आदल्या रात्रीची लक्ष्मीपूजनाची अमावास्या, तेव्हा ओहोटी चांगली मिळेल. छपराचे गणित करायला निराळा माणूस पुण्याहून येणार आहे, आणि पत्र्याऐवजी कापडी छत घालावे असे त्याने आधीच कळवले आहे. सासूबाईंनी या वेळी अवसेविषयी काही म्हटले नाही. त्यांनी फक्त विचारले की फराळाचा डबा दाभोळला न्यायचा आहे, तर त्या ठोकणाऱ्या गृहस्थांना चकली चालते का.